महाराष्ट्रातील जमीनधारणेचा इतिहास आणि आजचे जमीनवापराचे प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमीन कोणी धरावी, कोणत्या शर्तीवर धरावी आणि तिच्यावर कोणाचा कोणता हक्क चालावा, याची महाराष्ट्रातील उत्तरे गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलली. आज कलेक्टर कचेरीत, तहसीलदारासमोर किंवा ग्रामसभेत जे वाद उभे राहतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या बदलांत सापडते. शेतकरी, जमीन घेऊ पाहणारे, गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही उत्तरे प्रश्न समजून घेण्यासाठी आहेत. जमिनीच्या एखाद्या विशिष्ट गटाबाबत (गट क्रमांकाबाबत) निर्णय करताना मूळ अभिलेख पाहणे आणि जाणकार वकिलाचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

संपूर्ण महाराष्ट्राला आज एकच महसूल कायदा लागू आहे. मग जुन्या पद्धतींचा अभ्यास कशासाठी?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची असून ती १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली, आणि तिने राज्यातील वेगवेगळे महसूल कायदे एका छत्राखाली आणले, हे खरे आहे. परंतु कायदा एक झाला तरी त्याच्या हाती आलेले दप्तर एक नव्हते. पश्चिम महाराष्ट्राचे दप्तर मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीतून (जिथे शेतकरी थेट सरकारला सारा भरी) आले, कोकणाच्या मोठ्या भागाचे खोतीतून आणि नागपूर-भंडारा-चांद्याचे मालगुजारीतून (जिथे गावाचा सारा मध्यस्थ भरी), आणि मराठवाड्याचे निजामी राजवटीतील दिवाणी (थेट सरकारी), जागीर व इनाम अशा मिश्र व्यवस्थेतून आले. या प्रत्येक व्यवस्थेने काही जमिनी मोजल्या आणि काही मोजल्या नाहीत. काही हक्क लिहिले आणि काही लिहायचे सोडून दिले.

या सर्व व्यवस्थांचा मुख्य हेतू सारा वसूल करणे हा होता. ज्या जमिनीवर सारा बसत होता तिची नोंद काळजीपूर्वक झाली. ज्या जमिनीवर सारा बसत नव्हता, म्हणजे गायरान, नाल्याकाठचा खराबा, झुडपांचा माळ, गावठाण आणि देवराई, तिच्याविषयी दप्तर मोघम राहिले, किंवा ती सरकारच्या नावे गेली. आजचे सर्वांत तीव्र वाद याच जमिनींवर चालू आहेत, आणि पुढील बहुतेक उत्तरांत हा धागा पुन्हा पुन्हा भेटेल.

सातबारा उतारा हा मालकीचा पुरावा आहे का?

नाही, निदान अंतिम पुरावा नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा. पहिल्यात जमीन कोणाच्या भोगवट्यात आहे आणि तिच्यावर इतरांचे कोणते हक्क आहेत हे नोंदलेले असते, तर दुसऱ्यात पीकपाहणी असते. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे ती एक गृहीतक आहे आणि दिवाणी न्यायालयात ते खोडून काढता येते. ज्या कागदाचा जन्म ‘सारा कोणाकडून घ्यायचा’ हे ठरवण्यासाठी झाला, त्याच्याकडून ‘मालक कोण’ या प्रश्नाचे निर्णायक उत्तर मागणे म्हणजे त्याच्यावर त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकणे आहे.

तरीही बँक, विमा, नुकसानभरपाई, सोसायटीचे कर्ज हे सर्व सातबाऱ्यावरच चालते. त्यामुळे ज्याचे नाव उताऱ्यावर नाही तो प्रत्यक्षात जमीन कसत असला तरी या सगळ्याला मुकतो. अनेक जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ अशी अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नोंदला गेला आहे, असा आहे. कालांतराने फेरफार होताना किंवा उतारा पुन्हा लिहिला जाताना ही तीन अक्षरे गळाली की धाकट्या भावांचा आणि बहिणींचा हक्क कागदावरून नाहीसा होतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वारसाहक्काच्या कायद्यात मुलींना सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार) म्हणून बरोबरीचे स्थान दिले. परंतु जिथे मूळ नोंदच एका पुरुषाच्या नावाने सुरू झाली होती, तिथे तो हक्क उताऱ्यापर्यंत पोहोचवण्यासाठी आजही झगडावे लागते.

इंग्रजांच्या मोजणीचा आजच्या शेताच्या आकाराशी काय संबंध आहे?

फार जवळचा संबंध आहे, आणि तो समजण्यासाठी मोजणीची पद्धत थोडी तपशिलाने पाहणे योग्य ठरेल. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दख्खनमध्ये प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली पहिली मोठी मोजणी फसली. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब काढून त्यावर आकारणी ठरवण्याचा त्याचा प्रयत्न कागदावर काटेकोर होता, पण मोजणीतील चुका आणि आकारणीचा जाच यांमुळे गावे ओस पडू लागली. त्यानंतर १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी वेगळी पद्धत सुरू केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती मुंबई इलाख्यासाठी पक्की झाली. या पद्धतीत जमिनीचे सर्व्हे नंबर पाडले गेले, मातीचा पोत व खोली पाहून आण्यांत प्रत ठरवली गेली, आणि आकारणी तीस वर्षांसाठी कायम केली गेली.

सर्व्हे नंबराचे क्षेत्र ठरवताना एका बैलजोडीला किती जमीन वाहता येईल हा एक निकष होता. मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असे क्षेत्र म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आज उताऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असले तरी गावात सौदा गुंठ्यावर होतो. जुना नकाशा उघडला की बांधाच्या रेषेवर साखळी-आण्यांत लिहिलेली मापे दिसतात. भूमापक जीपीएस यंत्र घेऊन बांधावर उभा राहतो, तेव्हाही हद्द कायम करताना त्याला या मापांशीच मेळ घालावा लागतो. दगड हललेला असतो, ओढ्याने पात्र बदललेले असते, कडेची बाभळ केव्हाच तोडलेली असते. आणि साखळीच्या मोजणीतील थोडा फरकही आज शेजाऱ्या-शेजाऱ्यांत मोठे भांडण लावतो, कारण त्या पट्ट्याची किंमत आता साऱ्यावर ठरत नाही.

रयतवारीने शेतकऱ्याला थेट सरकारशी जोडले आणि त्याचा भोगवटा वारसाहक्काने चालणारा व हस्तांतरणीय केला. मिरासदार (वंशपरंपरागत हक्काने जमीन धरणारा) आणि उपरी (असा हक्क नसलेला, बाहेरून आलेला कसणारा) यांच्यातील जुना भेद त्यामुळे पुसट झाला. परंतु जमीन विकता आणि गहाण ठेवता येऊ लागल्यावर ती सावकाराकडे जाण्याचा मार्गही मोकळा झाला. १८७५ मध्ये सुपे येथून पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. शेतजमीन कोणी विकत घ्यावी यावर निर्बंध असावेत, हा विचार या अनुभवातून पुढे कायद्यात मुरत गेला.

पोटखराबा म्हणजे काय आणि तो इतका महत्त्वाचा का झाला?

सर्व्हे नंबराच्या पोटातील जो भाग लागवडीला अयोग्य ठरला, त्यावर सारा बसवला नाही आणि त्याची नोंद पोटखराबा म्हणून झाली. त्यात दोन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे खडकाळ, उताराचा, नापीक भाग, आणि ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला, पाण्याची जागा, स्मशान अशा सार्वजनिक कारणासाठी सोडलेला भाग. ‘अ’ वर्गातील क्षेत्र शेतकऱ्याने सुधारून लागवडीखाली आणले असेल तर ते लागवडयोग्य म्हणून नोंदवून आकारणी करण्याची तरतूद २०१८ मध्ये नियमांत केली गेली, आणि तिचा अनेकांना लाभ झाला, कारण पोटखराब्यावर पीककर्ज मिळत नाही आणि संपादनातही त्याचा मोबदला कमी धरला जातो.

‘ब’ वर्गाबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. शहरांच्या कडेला ओढे आणि नाले बुजवून भूखंड पाडले जातात, तेव्हा बहुधा याच क्षेत्रावर भराव टाकलेला असतो. जुन्या मोजणीत पाण्याची वाट म्हणून सोडलेली जागा आजही पाण्याचीच वाट आहे.

कोकणातील सातबाऱ्यावर इतकी नावे का असतात, आणि एवढी जमीन पडीक का?

रत्नागिरी जिल्ह्यात आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या बऱ्याच भागात सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत होता. तो गावाचा सारा भरण्यास जबाबदार असे आणि कुळांकडून खंड घेई. १८८० च्या कायद्याने खोतांचे आणि कुळांचे हक्क लिहून काढण्याचा प्रयत्न केला, तरी खंडाचा जाच चालूच राहिला. अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. प्रत्यक्ष उच्चाटनाचा कायदा १९४९ मध्ये झाला.

खोती गेली, पण तिच्या काळात खोतांच्या कुटुंबांच्या वाटण्या झालेल्या होत्या आणि कुळांच्याही पिढ्या वाढलेल्या होत्या. जमीन सामाईक राहिली आणि नावे वाढत गेली. एका सातबाऱ्यावर पन्नास-साठ खातेदार, त्यांतील निम्मे मुंबईत, काही मयत आणि त्यांचे वारस नोंदलेले नाहीत, ही कोकणात नित्याची स्थिती आहे. अशा जमिनीवर आंब्या-काजूची बाग लावायची, कर्ज काढायचे किंवा घर बांधायचे तर सर्वांची संमती लागते. जमीन पडीक राहण्याचे खापर अनेकदा ‘कोकणी माणूस मुंबईला गेला’ या एका कारणावर फोडले जाते. माझ्या मते ते अपुरे आहे, कारण जो गावी राहिला आहे त्यालाही ही न फुटलेली सामाईक धारणा हात बांधून ठेवते.

दुसरा गुंता वरकस जमिनीचा आहे. भातखाचरासाठी राब (रोपांच्या वाफ्यावर जाळायचा पालापाचोळा) मिळावा म्हणून डोंगरउतारावरची जी जमीन ठेवलेली असे, ती वरकस. खाचर आणि वरकस यांचा उपयोग जोडीने होत असे. पुढे खाचर एका नावावर आणि वरकस दुसऱ्याच्या नावावर राहिली, काही ठिकाणी ती सरकारी वनात धरली गेली, तर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे काही डोंगरउतार राज्याच्या मालकीत गेले. या कायद्याखालील वाद दशके चालले. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उपनगरातील प्रकरणांत असा निर्णय दिला की जुन्या काळी केवळ एक नोटीस काढली गेली आणि पुढे काहीच कार्यवाही झाली नाही, एवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही. त्या नोटिसा १९५० च्या दशकातील होत्या, आणि दरम्यान त्या जमिनींवर हजारो घरे उभी राहिली होती.

विदर्भातील झुडपी जंगलाचा प्रश्न नेमका काय आहे?

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा हा प्रश्न आहे. या भागात मालगुजारी होती. मालगुजार सारा भरीत असे, आणि गावकऱ्यांना गावच्या माळरानातून जळण, चारा, काटेरी झुडपे आणि माती घेण्याचे हक्क असत. या हक्कांना निस्तार म्हणतात आणि त्यांची नोंद निस्तारपत्रकात होत असे. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि अशा जमिनी राज्याकडे आल्या. महसुली दप्तरात त्यांची नोंद झुडपी जंगल अशी होती, पण त्या वनखात्याच्या राखीव वनांत नव्हत्या. गावे वाढली तशी त्यांवर शाळा, दवाखाने, वस्त्या, रस्ते, स्मशानभूमी उभ्या राहिल्या.

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात असे सांगितले की सरकारी अभिलेखात ‘वन’ म्हणून नोंद असलेली कोणतीही जमीन वनसंवर्धन कायद्याच्या कक्षेत येते, मग मालक कोणीही असो. महसुली दप्तरातील ‘जंगल’ या एका शब्दामुळे ८६ हजारांहून अधिक हेक्टर जमीन पेचात सापडली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानावे असा निर्णय दिला, आणि त्याच वेळी १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी केंद्राची मंजुरी घेऊन त्या नियमित करण्याचा मार्ग खुला ठेवला. इतक्या वर्षांच्या वादात माळराने, गवत आणि निस्तार हा या जमिनींचा मूळ उपयोग मात्र चर्चेतून जवळजवळ गळून गेला, याचे दुःख वाटते. पशुपालक कुटुंबांसाठी ती जमीन कधीच ओसाड नव्हती.

मामा तलावांचा जमीनधारणेशी काय संबंध?

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून, विशेषतः कोहळी समाजाच्या कौशल्यातून, पूर्व विदर्भात असे हजारो तलाव बांधले गेले. मालगुजार गेला तेव्हा तलावाची मालकी सरकारकडे आली, पण पाटकरी (पाणी वाटणारा) नेमणे, पाळ (बांध) दुरुस्त करणे, गाळ काढणे ही गावाच्या आपसांतील रीत ज्या व्यवस्थेवर टेकलेली होती ती मोडली. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारी सहकारी संस्थेकडे आणि बुडीत क्षेत्रातील लागवड ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडे, अशी विभागणी झाली. तलाव बुजण्याचे कारण फक्त गाळ नाही. त्याची निगा राखण्याचा अधिकार आणि जबाबदारी एका हाती उरली नाही, हेही आहे.

गायरान जमिनीवरील कसणूक हे अतिक्रमण मानायचे की हक्क?

कायद्याच्या भाषेत ते अतिक्रमण आहे. संहितेच्या कलम २२ खाली जनावरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवलेली ही जमीन आहे, आणि २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. राज्य शासनाने त्याच वर्षी १२ जुलैला त्यानुसार निर्णय काढला.

पण इतिहास पाहिल्याशिवाय हे उत्तर अपुरे आहे. मराठवाड्यात जागिरी आणि इनामांखाली मोठी जमीन थोड्या हातांत होती, आणि दलित कुटुंबांना जमीन धारण करण्याची संधीच अत्यल्प होती. त्यांनी पडीक गायराने फोडून ज्वारी-बाजरी पिकवली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाची मुख्य मागणी पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्यावी हीच होती. पुढे १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. अनेक कुटुंबांकडे त्या तारखेआधीपासूनची कसणूक आहे, पण दंडाची पावती किंवा पीकपाहणीतील नोंद नाही, कारण तलाठ्याने ती घेतलीच नव्हती. आता सौर कृषी वाहिनीचे, म्हणजे शेतीसाठीच्या सौरविजेचे, प्रकल्प याच गायरानांवर उभे राहत आहेत, आणि जमीन मोकळी आहे असे दप्तर सांगते. तिथे चरणारी जनावरे आणि नांगर धरणारी कुटुंबे दप्तरात नाहीत. प्रकल्पासाठी जागा निवडण्यापूर्वी ग्रामसभेसमोर प्रत्यक्ष पाहणी व्हावी, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिले आहे. त्याचा अर्थ काय?

वर्ग १ ची जमीन धारकाला साधारणपणे मुक्तपणे विकता येते. वर्ग २ ची जमीन शासनाच्या शर्तीवर दिलेली असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिचे हस्तांतरण करता येत नाही. नवीन शर्त, नियंत्रित सत्ताप्रकार हे शब्दही याच अर्थाने येतात. मात्र सर्व वर्ग २ जमिनी एका जातीच्या नाहीत. कोणती जमीन कूळ म्हणून मिळाली, कोणती वतनाची, कोणती पुनर्वसनाची, कोणती भूमिहीनाला वाटपात आलेली, यावर पुढील परवानगी, नजराणा आणि निर्बंध अवलंबून असतात. वर्ग २ मधून वर्ग १ मध्ये रूपांतर करण्यासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियमही झाले आहेत, पण ते सर्व प्रकारांना सरसकट लागू नाहीत. देवस्थान इनामाची, म्हणजे इनाम वर्ग ३ ची जमीन तर पुजारी किंवा वहिवाटदार विकूच शकत नाही.

महार वतनाच्या जमिनींचे व्यवहार इतके वादग्रस्त का ठरतात?

गावकीच्या कामाचा मोबदला म्हणून महार, रामोशी इत्यादी समाजांकडे ज्या जमिनी होत्या, त्या इनाम वर्ग ६ ब मध्ये येतात. बदल्यात कुटुंबांतील माणसांना दिवसरात्र सरकारी आणि गावाची कामे करावी लागत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच १८७४ च्या वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले होते. वतनाची जमीन ही गुलामीची साखळी आहे आणि ती रयतावा करून, म्हणजे साध्या सारा भरणाऱ्या जमिनीत बदलून, तोडली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. अखेर १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. आकारणीच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरल्यास जमीन मूळ वतनदारांना नवीन व अविभाज्य शर्तीने परत द्यायची होती.

रक्कम मोठी नव्हती. अडचण अशी होती की एका वतनात अनेक कुटुंबांचे हिस्से होते, बरेचजण गिरण्यांत आणि रेल्वेत काम करायला गेले होते, आणि मुदतीची वार्ता सर्वांपर्यंत पोहोचली नाही. ज्या जमिनींची रक्कम भरली गेली नाही त्या ‘सरकार’ म्हणून नोंदल्या गेल्या. ज्या परत मिळाल्या, त्यांतील अनेक जमिनी विना परवानगी साठेखत आणि कुलमुखत्यारपत्राच्या आधारे अल्प मोबदल्यात दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या. पुणे आणि मुंबई परिसरात याच जमिनींना आज मोठी किंमत आली आहे. अशी जमीन घेणाऱ्याने शर्तभंगाचा धोका ओळखावाच. त्याहून अधिक महत्त्वाचे म्हणजे वारसांपैकी एखाद-दुसऱ्याची सही घेऊन उरलेल्यांचा हक्क बुडवला जात नाही ना, हे पाहिले पाहिजे.

कुळकायद्याचा आजच्या जमीनवापरावर काय परिणाम झाला?

१९४८ च्या कुळकायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि पश्चिम महाराष्ट्रात त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मानीव खरेदीदार (कायद्याने जमीन विकत घेतली असे मानलेले) झाले. कलम ३२-ग खाली किंमत ठरायची आणि ती भरल्यावर ३२-म चे प्रमाणपत्र मिळायचे. लाखो कुटुंबांना यामुळे पहिल्यांदा स्वतःच्या नावाची जमीन मिळाली, आणि ग्रामीण महाराष्ट्राचा पुढचा सहकार व शिक्षणाचा विस्तार या पायावर उभा राहिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. त्याच वेळी कृषक दिनाआधी असंख्य कुळांकडून जमीन सोडल्याचे ‘स्वखुशीचे’ राजीनामे लिहून घेतले गेले, आणि जमीनमालक विधवा किंवा अज्ञान (अल्पवयीन) असेल तर खरेदीचा हक्क पुढे ढकलणाऱ्या कलम ३२-फ चे दावे अजूनही चालू आहेत.

अशा जमिनीच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात ‘कु. का. कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा दिसतो. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकारणीच्या चाळीसपट रक्कम भरून विक्रीवरचे बंधन दूर करता येते. कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, हे बंधनही याच कायद्याचे आहे.

या कायद्याची एक छाया मात्र फारशी बोलली जात नाही. ‘कूळ लागेल’ या भीतीने जमीनमालक आजही लेखी करार करायला तयार होत नाहीत. जमीन बटाईने, अर्धेलीने किंवा खंडाने दिली जाते, पण सारे तोंडी. प्रत्यक्ष घाम गाळणाऱ्याचे नाव पीकपाहणीला लागत नाही, म्हणून त्याला पीककर्ज मिळत नाही, गारपिटीचे अनुदान मालकाच्या खात्यात जाते, आणि पुढच्या हंगामात जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नसल्याने तो शेणखत टाकायला किंवा बांधबंदिस्ती करायला धजत नाही. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी झालेल्या कायद्याच्या भीतीपोटी आजचा कसणारा अदृश्य झाला आहे. मालकीला धक्का न लावता ठरावीक मुदतीचा नोंदणीकृत खंडकरार सुरक्षित करणे, ही गरज आता टाळता येणार नाही.

तुकडेबंदी कायदा असूनही तुकडे का होत राहिले?

१९४७ चा हा कायदा शेती किफायतशीर राहावी म्हणून प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचे हस्तांतरण रोखतो. त्याच कायद्याखाली एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. पण वारसाहक्काने होणाऱ्या वाटण्या थांबवणे कोणत्याही कायद्याला शक्य नव्हते. जमीन प्रत्यक्षात बांध घालून वाटली गेली आणि कागदावर सामाईक राहिली. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असे कमी करण्यात आले.

एकत्रीकरणात झालेला एक दोष गावोगावी जाणवतो. गट पाडताना काही जुने पाणंद रस्ते आणि बांधावरच्या वहिवाटी नव्या नकाशात आल्याच नाहीत. शेतरस्त्याचे जे अर्ज तहसीलदारासमोर संहितेच्या कलम १४३ खाली किंवा १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली येतात, त्यांत जुना सर्व्हे नकाशा आणि गट नकाशा शेजारी ठेवून पाहिले की रस्ता कुठे हरवला हे बऱ्याचदा समजते. उसाची गाडी निघायला वाट नाही म्हणून शेतकरी पीकच बदलतो.

धरणे आणि प्रकल्पांच्या विस्थापनात जमीनधारणेचा प्रश्न कसा येतो?

मुळशीचा सत्याग्रह हे याचे जुने आणि बोलके उदाहरण आहे. १९२१ मध्ये वीजनिर्मितीसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकरी उभे राहिले आणि सेनापती बापट यांनी त्यांचे नेतृत्व केले. बुडणाऱ्या जमिनींपैकी अनेक जमिनी कागदोपत्री पुण्यातील सावकारांकडे होत्या. त्यांच्यासाठी प्रश्न मोबदल्याच्या रकमेचा होता, तर कसणाऱ्या मावळ्यांसाठी तो जगण्याचा होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्याला कागदावरचा मालक दिसत असे. २०१३ च्या कायद्याने कुळे, भूमिहीन मजूर आणि वनावर अवलंबून असलेली कुटुंबे यांनाही बाधित मानले, ही मोठी सुधारणा आहे. मात्र ज्यांची कसणूक कुठेच लिहिलेली नाही त्यांना ती सिद्ध करण्याचे ओझे अजून वाहावे लागते.

गावठाणातील घरांचे मालकीपत्र नसण्याचे कारण काय?

गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून मूळ मोजणीत त्याची बाहेरची हद्द तेवढी आखली गेली आणि आतील घरे मोजली गेली नाहीत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत, आणि तिचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. चौकशीच्या वेळी घरातील स्त्रियांची आणि परगावी असलेल्या भावंडांची नावे आवर्जून लावून घ्यावीत. एकदा पत्रिका तयार झाली की दुरुस्ती जिकिरीची होते.

आदिवासी जमिनी आणि वनहक्क यांबाबत काय लक्षात ठेवावे?

आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे पूर्वपरवानगीशिवाय जाऊ शकत नाही, हे संहितेचे कलम ३६ आणि ३६-अ सांगते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी परत मिळण्याची तरतूद स्वतंत्र कायद्याने झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याहून जुना अन्याय हाताळला, कारण वने राखीव करताना त्यांत राहणाऱ्यांची वहिवाट नोंदलीच गेली नव्हती. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि ग्रामसभेने बांबूची तोड व विक्री स्वतः हाती घेतली. धारणेचा हक्क स्पष्ट झाला की वापराचे नियोजन लोक स्वतः करू लागतात, याचा हा पडताळा आहे.

जमिनीचा जुना इतिहास शोधायचा असेल तर कोणते अभिलेख पाहावेत?

चालू सातबाऱ्यावरील प्रत्येक फेरफार क्रमांकाची प्रत काढून मागे मागे जावे. पश्चिम महाराष्ट्रात कडईपत्रक (जुन्या धारकांची नोंद), आकारफोड (पोटहिश्शांनुसार आकारणीची विभागणी), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब) आणि एकत्रीकरणाचा जबाब पाहावा. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आणि सेतवार (सर्व्हे नंबरांचे क्षेत्र व आकारणी दाखवणारे पत्रक) महत्त्वाचे ठरतात. विदर्भात बंदोबस्ताचे अधिकार अभिलेख आणि निस्तारपत्रक मागावे. हे अभिलेख तहसील कार्यालयात आणि उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात असतात, आणि बरेचसे आता ऑनलाइनही पाहता येतात. विदर्भातील आणि मराठवाड्यातील जुन्या कागदांत अनुक्रमे हिंदी आणि उर्दू मजकूर असतो, तर पश्चिम महाराष्ट्रात मोडी. तेव्हा जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे आणि त्याची प्रत मूळ नकलेसोबत जपून ठेवावी.